मामांचा गुडघा

परंड्यात दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली, पण खणातनं हातोडी काढली की पेशंटच्या तोंडावर जे येतं ते काही बदललं नाही. इंजेक्शनला इथं कुणी घाबरत नाही. उलट सुई न देता पाठवलं तर "बाईंनी नुसतंच बघितलं" म्हणून बाहेर बाकावर तक्रार होते. हातोडी मात्र दिसली की माणूस सावरून बसतो. एका म्हाताऱ्या बाईंनी तर मला सरळ विचारलं होतं, "सुतारकाम बी करता व्हय, बाई?" मी म्हणलं, "करते की. कुठला खिळा ढिला झालाय तेच बघायचंय." त्या हसल्या आणि त्यांचा पाय सैल सुटला. मला तेवढंच हवं असतं.

लोकांना वाटतं, हातोडीनं हाड तपासतात. हाडाशी तिचा काही संबंध नाही. गुडघ्याच्या वाटीखाली एक जाड दोरी असते, मांडीचा स्नायू नडगीला बांधणारी. तिच्यावर हलकंसं ठोकलं की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ताणल्याची वर्दी नसेतनं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम परत येतो, की आवळ. पाय पुढं उडतो. मेंदूला कुणी विचारायलाही जात नाही. गावातलं भांडण गावात मिटावं, तालुक्याला जाऊ नये, तसा हा कारभार. आता ही जाणारी-येणारी नसच खराब झाली असेल तर पाय उडत नाही. आणि वर मानेत नाहीतर पाठीत मज्जारज्जू दाबला गेला असेल तर उलटं होतं, पाय गरजेपेक्षा जास्त उडतो, कारण मेंदूचा खालच्या कारभारावर जो धाक असतो तो सुटलेला असतो. न उडणाऱ्या पायाला बहुतेक वेळा गोळ्या आणि पथ्य. जास्त उडणाऱ्या पायाला कधीकधी ऑपरेशन, आणि तेही वेळेत झालं तर उपयोग.

हे मी परीक्षेत लिहिलंय, तोंडी परीक्षेत धडाधड सांगितलंय, नर्सिंगच्या मुलींना शिकवलंय. आणि सख्ख्या मामांच्या बाबतीत मी नेमकी इथंच चुकले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. भूमच्या बाजूला डोंगराच्या कडेला त्यांचं गाव आहे आणि घराला लागून खव्याची भट्टी. आमच्या भागातला खवा लांब लांब जातो, त्यात नवल नाही. दर दुसऱ्या गावात भट्टी आहे. पण मामांच्या हातचा खवा वेगळा, असं भट्टीवाले स्वतःच म्हणायचे. कढईत दूध आटत आलं की ते लांब दांड्याचं उलथणं बाजूला ठेवायचे, टोकावरचा वाटाण्याएवढा खवा अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचे आणि एकदाच चोळायचे. डोळे भलतीकडंच. मग म्हणायचे, "आजून दोन वळसं," किंवा "उतरवा." चव कधी घेतली नाही. मी लहानपणी विचारलं होतं की तुम्ही खाऊन का बघत नाही, तर म्हणाले, "जीभ लबाड आसती. तिला कायबी ग्वाड लागतं. बोटं लबाडी करीत न्हाईत."

आमच्या घरात मामा-भाचीचं नातं देवाधर्मासारखं पाळतात. एक भाची जेवू घातली तर शंभर ब्राह्मण जेवू घातल्याचं पुण्य, असं मामी अजून म्हणते. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नाही. मामानं पडायचं, भाचीच्या. आणि मामाचा पाय चुकून भाचीला लागला तर तो केवढा दोष! मी सहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत अंगणात सगळे ओळीनं दुपारचे लवंडलो होतो. झोपेत मामांचा पाय मला लागला. ते ताडकन उठले, माझ्या पायांना हात लावून कपाळाला लावले, "चुकलो गं माय" म्हणाले आणि भट्टीवर जाऊन मला एक पेढा आणून दिला. मी काय कमी? दुसऱ्या दिवसापासून ते आडवे झाले की मी हळूच सरकत जाऊन त्यांच्या पायाखाली माझा हात घालायचे आणि ओरडायचे, "लागला, लागला!" मामा उठायचे, पाया पडायचे, पेढा द्यायचे. मी पेढा गट्ट करून म्हणायचे, "परत!" आणि आडवी व्हायचे. आई मला बदडायला उठली तर मामांनी तिलाच गप केलं. म्हणाले, "पाया पडून घ्यायचं वय हाय तिचं."

तर हे मामा मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर माझ्या दवाखान्यात आले. एसटीनं आले, न कळवता. सोमवार होता, बाजारचा गर्दीचा दिवस, बाहेर माणसं बाकावर मावत नव्हती. मामा रांगेत बसले होते. सिस्टरनं आत येऊन सांगितलं तेव्हा मी त्यांना आत घेतलं आणि आधी त्यावरूनच बोलले, की भाचीच्या दवाखान्यात कुणी रांगेत बसतं का. माझ्या नाकावर राग असतोच, तो घरच्यांवर जास्त निघतो.

तक्रार त्यांनी अशी सांगितली, की चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, मागचा माणूस ओरडून सांगतो तेव्हा कळतं. पाय लाकडासारखे वाटतात. आणि मग जरा थांबून, "बोटांस्नी बी खवा कळंना झालाय."

मी त्यातलं पहिलं ऐकलं. शेवटचं ऐकलं असं म्हणता येणार नाही. मामांना दहा वर्षं साखर आहे. साखरेनं पायाच्या नसा सुन्न होतात, मग हाताच्या. असे आठवड्याला पाच पेशंट मी बघते. माझ्या डोक्यात चिठ्ठी लिहून झाली होती, तपासणी तेवढी बाकी होती.

त्यांना टेबलावर बसवलं, पाय खाली सोडून. दवाखान्यात चपला बाहेर काढायच्या हा माझाच नियम, त्यामुळं ते अनवाणी, मी अनवाणी. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि गुडघ्याखाली ठोकलं. काही नाही. परत ठोकलं. काही नाही. दुसरा पाय, तोही तसाच. घोट्यामागची दोरी ठोकायला पाऊल हातात धरावं लागतं. मी पाऊल धरायला गेले तर त्यांनी दोन्ही पाय झटक्यात मागं ओढले. "पायाला हात लावू नको गं!" तळपायावर रेघ ओढून बघायची असते, त्याचं तर नावच नको. मी म्हणलं, "मामा, मी डॉक्टर आहे." ते म्हणाले, "डाक्टर जगाची. माजी भाचीच हायस." बाहेर कुणाचं तरी लेकरू किंचाळत होतं. मी म्हणलं, बरं, राहू द्या.

त्यांच्या टाचा टेबलाच्या खालच्या लोखंडी दांड्यामागं अडकवलेल्या होत्या. हे मी बघितलं होतं. वाटलं, आरामशीर बसलेत. आमचे सर शिकवताना ओरडायचे, की हातोडीकडं बघू नका, दुसरा हात मांडीवर ठेवा, मांडी सैल आहे का ते बघा, ताठ मांडी खोटं बोलते. मी मांडीवर हात ठेवला नाही. मामांच्या मांडीवर कसा ठेवणार, असं नव्हे हो. घाई होती, दुसरं काही नाही.

"साखरेनं नसा सुकल्यात," मी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, चालताना मऊ बूट घाला म्हणलं आणि शेवटी दटावलंही, की पेढा तोंडात टाकत असणार, भट्टीवर बसून खाल्ल्याशिवाय कोण राहतंय. मामा म्हणाले, "व्हय बाई." त्यांनी वर्षभरात पेढ्याला तोंड लावलं नव्हतं, हे मला मामीनं फार नंतर सांगितलं.

पुढचे चार महिने मी उंटावरनं शेळ्या हाकल्या. फोन केला की मामा म्हणायचे, बरं आहे. मी गोळ्या घेताय ना विचारायचे, ते व्हय म्हणायचे. एकदा मामीनं फोन हातातनं घेऊन सांगितलं, की सदऱ्याची बटणं तीच लावते आता, आणि अंगणात दोनदा पडले. मी म्हणलं, साखर तपासून घ्या. साखर व्यवस्थित निघाली. मी नसांच्या गोळीचा डोस वाढवला. आता लिहिताना माझंच मला तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. अती शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

शिमग्याच्या सुमारास एका रविवारी मी गावी गेले. सकाळचं दूध येऊन गेलं होतं, भट्टी पेटलेली होती आणि कढईपुढं मामी उभी होती, पदर खोचून, दोन्ही हातांनी उलथणं फिरवत. मामा कॅन ठेवायच्या उंच कट्ट्यावर बसले होते, पाय खाली लोंबत. इतक्या वर्षांत भट्टी चालू असताना मी मामांना बसलेलं बघितलं नव्हतं. मामीनं उलथण्यावरचा खवा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बोटात घेतला, चोळला, परत चोळला. मग तोंडात टाकला. "उतरवू का?" मामीनं विचारलं. "तुला काय वाटतंय?" मामा म्हणाले.

मी काही बोलणार, तेवढ्यात मामी वळली आणि तिच्या हातातल्या उलथण्याचा दांडा मामांच्या गुडघ्याखाली लागला. जोरात नाही, सहज.

पाय असा उडाला, की पायातली चप्पल सुटून राखेच्या ढिगात जाऊन पडली. पाय खाली आला, चवडा खालच्या विटेला टेकला आणि घोटा थडथड थडथड हलत राहिला, थांबेचना. मामांनी गुडघ्यावर हात दाबून तो थांबवला.

"चप्पल द्या गं कुणी," मामा म्हणाले.

हाच पाय. माझ्या टेबलावर मेलेला होता हा पाय! सुकलेली नस चार महिन्यांत अशी उड्या मारायला लागत नाही. "हे कधीपासनं होतंय?" मी विचारलं.

"लई दिस झालं की," मामी म्हणाली. "जरा धक्का लागला की उडतोच. खाटंवर बी थडथड करतो. म्या म्हणलं, भाचीला सांगा. तर म्हणत्यात, तिनं हातोडीनं ठोकून बघितलंय, तिला म्हाईत हाय."

"मामा, माझ्याकडं आला होता तेव्हा तर हा हललासुद्धा नव्हता."

मामांनी पाय कट्ट्याकडं आत ओढून घेतला. मग म्हणाले, "त्यो म्या धरून ठिवला व्हता."

"धरून? कशाला?"

"कशाला म्हंजी? तू म्होरंच बसली व्हतीस की. त्यो उडून तुला लागला आसता तर? भाचीला लाथ मारून कुठल्या नरकात जाऊ म्या?"

मी चिडले. खोटं कशाला सांगू, आधी त्यांच्यावरच चिडले. "अहो मामा, लाथ कसली! पाय उडतो का नाही तेच तर बघायचं होतं मला!" मामा गोंधळले. त्यांना वाटलं होतं, डॉक्टर ठोकून दुखतंय का ते बघते. पाय उडतो ही त्यांची खोड, ती चारचौघात लपवायची आणि भाचीपुढं तर नक्कीच. मग तो राग फिरून माझ्यावर आला. टाचा दांड्याला अडकवलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. त्यांच्या पायाखाली हात घालून पेढे खाल्लेली बाई मी. हा माणूस माझ्या दिशेनं पाय सैल सोडणार नाही, हे जगात कुणाला कळायला पाहिजे होतं तर मला.

गाडीतल्या बॅगेतनं हातोडी आणली. एक रिकामा कॅन पालथा घातला आणि मामांच्या समोर, अगदी नाकासमोर बसले.

"बाजूला सरक," मामा म्हणाले.

"सरकत नाही."

"मंग म्या पाय सोडीत न्हाय."

"मामा, लागू द्या. लागला तर लागला. मला लागलाच पाहिजे."

मामी कढई उतरवून आली होती. ती म्हणाली, "सोडा की वो. लेकरू डोळ्यात पाणी आणून सांगतंय." माझ्या डोळ्यांत पाणी होतं हे मला तिच्याकडनंच कळलं.

मामांनी विचार केला. "लागला तर म्या पाया पडणार," ते म्हणाले. "मंग नको म्हणायचं न्हाय." मी म्हणलं, कबूल.

माणूस पाय सैल सोडत नसला तर त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात. लक्ष हातांकडं जातं, पाय मोकळा राहतो. मी सांगितलं तसं मामा करू गेले आणि मला दिसलं, की त्यांच्या बोटांना एकमेकांची जागाच सापडत नाही. नजरेनं बघून बघून त्यांनी बोटात बोट घातलं. मी म्हणलं, "ओढा. आणि सांगा मला, खवा झाला हे बोटांना कसं कळायचं तुमच्या?"

"कसं म्हंजी," मामा म्हणाले, "आदी त्यो चिकटतो. मंग चिकटायचा ऱ्हातो, पर रवाळ लागत न्हाय. मंग एक घडी येती..."

मी ठोकलं. पाय सणसणीत उडाला आणि माझ्या दंडावर बसला. मामी "अगं बया!" म्हणाली. मामा तसेच कट्ट्यावरून उतरले, तोल गेला, मामीनं धरलं, आणि त्या दोघांच्या झटापटीत त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी नको म्हणाले नाही, कबूल केलं होतं.

तळपायाला मात्र ते तयार होईनात. शेवटी मामीनं झापलं, "गप बसा आता, पाप लागलं तर मला लागू द्या." गाडीच्या किल्लीच्या बोथट टोकानं मी टाचेपासून चवड्यापर्यंत तळपायाच्या बाहेरच्या कडेनं रेघ ओढली. मोठ्या, धडधाकट माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. मामांचा अंगठा सावकाश वर उठला. मग हात बघितले. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर हाताचा अंगठा आपोआप आत उडाला, जो एरवी हलत नाही. पाय, तळपाय, बोटं, तिन्ही एकच गोष्ट सांगत होती, आणि चार महिने कुणी विचारेल म्हणून थांबली होती. मामांच्या मानेत मज्जारज्जू दाबला जात होता. साखरेचा यात काही संबंध नव्हता.

"काय झालंय?" मामांनी विचारलं.

"मानेत आहे," मी म्हणलं. "उद्या सोलापूरला जायचं. आणि मामा, चार महिन्यांपूर्वीच जायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? पाय म्या धरला," मामा म्हणाले आणि मामीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

सोलापूरला एमआरआयचे फोटो काढले, मानेतली चकती मागं सरकून मज्जारज्जूवर बसलेली स्पष्ट दिसत होती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "आठवडा झाला आसंल, सायेब. हिनं बघितल्या बघितल्या आणलं."

आयुष्यभर बोटांना लबाडी येत नाही म्हणणारा माणूस माझ्यासाठी घडाघडा खोटं बोलत होता. मला ते ऐकवेना. मी म्हणलं, "नाही सर. चार महिन्यांपूर्वी माझ्याकडं आले होते. मी तपासलं आणि साखर म्हणून परत पाठवलं." डॉक्टरांनी तेवढं लिहून घेतलं. मामांना म्हणाले, "ऑपरेशननं पुढचं बिघडायचं थांबेल. गेलेलं किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. पायात फरक पडेल. बोटांचं बघू."

मामांनी फक्त एकच विचारलं. "खवा कळंल का?"

डॉक्टरांना प्रश्न समजला नाही. मला समजला.

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर गळ्याला पट्टा, मग काठी. पावसाळा संपता संपता मामा भट्टीपर्यंत एकटे चालायला लागले. चप्पल पायात राहायला लागली. पण बोटं होती तशीच. मी दर पंधरा दिवसांनी जायचे, डोळे मिटायला सांगायचे, बोटांवर कापूस फिरवायचे. "लागतंय का?" "लागतंय." "कुठल्या बोटाला?" मामा अंदाजानं एक बोट हलवायचे, ते भलतंच असायचं. मला बरं वाटावं म्हणून ते लागतंय म्हणतात, हे आता मला कळायला लागलं होतं. कढईपुढं मामीच उभी असायची. खवा चांगलाच व्हायचा, मामीही काही कालची नव्हती. मामा कट्ट्यावर बसून दुधाचा हिशोब नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. बोटांना खवा कळण्याचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि मला तो काढायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात मी एक सवय लावून घेतली. हातोडी हातात घेतली की आधी पेशंटच्या मांडीवर हात ठेवते आणि सांगते, "पाय उडणार आहे, मला लागणार आहे, लागू द्या. तुम्हाला पाप नाही, मला राग नाही." म्हातारी माणसं संकोचून हसतात. आणि खरं सांगते, त्या हसण्याबरोबर कितीतरी जणांच्या मांड्या माझ्या हाताखाली सैल पडताना मला कळतात. म्हणजे एकटे मामाच नव्हते. इतकी वर्षं किती जणांनी माझ्यापुढं असा मान राखून पाय धरून ठेवला असेल, देव जाणे.

परवाच्या मार्गशीर्षात मामा पुन्हा दवाखान्यात आले. पुन्हा एसटीनं, पुन्हा न कळवता, आणि पुन्हा रांगेत बसले. या वेळी मी काही बोलले नाही. कडाक्याची थंडी होती, फरशी पायाला चावत होती. मामा आपणहून टेबलावर चढले. टाचा दांड्यामागं नेल्या नाहीत. मी समोर बसले, मांडीवर हात ठेवला. मांडी सैल होती. ठोकलं. पाय उडाला, पहिल्याइतका नाही, बेतानं, आणि माझ्या गुडघ्याला लागला.

"लागला," मामा म्हणाले आणि टेबलावरून उतरून वाकायला लागले. अर्ध्यात थांबले. "वाकलं की तोल जातोय आजून. आसं कर, तूच वर चढ."

"मामा, बाहेर माणसं आहेत."

"कबूल केलंयस तू."

सिस्टर दारात उभी राहून बघत होती. मी, परंड्यातली रागीट डॉक्टरीण, अनवाणी स्टुलावर चढून उभी राहिले. मामांनी एका हातानं टेबल धरलं, दुसरा हात माझ्या पावलांवर ठेवला, कपाळाला लावायला उचलला आणि मध्येच थांबले.

"पाय लई गार हायती गं तुजे," ते म्हणाले. "फरशीवर चप्पल घालत जा की."

मी वरनं बघत होते. "काय म्हणलात मामा?"

"गार हायती म्हणलं."

सहा वर्षांची असताना म्हणायचे तेच तोंडातनं निघालं. "परत!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटले, पुन्हा हात ठेवला, आणि अंगठा आणि पहिलं बोट माझ्या पावलावर एकदाच फिरवलं.

"गारच हायती," मामा म्हणाले.